कॉलेजच्या फेस्टमध्ये लिक्विड नायट्रोजन ओतून ओव्हरक्लॉकिंगचा डेमो करायचा आहे, काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतलं कॉलेज, दुसऱ्या मजल्यावरचा एसी सेमिनार हॉल, दीडशे-दोनशे मुलं, टेबलावर उघडा पीसी आणि दोन तासांचा डेमो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, आणि नायट्रोजन ओततात तो त्याला थंड ठेवायला. हातमोजे कोणते घ्यावेत यावर तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत, हॉलच्या खिडक्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही. म्हणून सुरुवात खिडक्यांपासून करतो.

आधी माझी ओळख, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बरीच वर्षं लॅमिंग्टन रोडवर पीसी जोडायचं काम केलं आणि हौसेपोटी नायट्रोजन ओतायला शिकलो. पण हे द्रव मी त्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं. वडील पशुसंवर्धन खात्यात होते. गावच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या ॲल्युमिनियमच्या कंटेनरमध्ये ठेवतात, त्यात हाच नायट्रोजन असतो. वडील त्याचं झाकण उघडायच्या आधी खोलीचं दार उघडत. आम्हा पोरांना वाटायचं, वास येत असेल. वास कसला येणार? नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो, आणि सगळी गोम तिथेच आहे.

थंडीने भाजतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. उणे १९६ अंशांचं द्रव अंगावर सांडलं तर जखम होणारच, आणि त्याची भीती वाटते म्हणून माणूस आपसूक जपतो. जीव जातो तो हवेमुळे. एक लिटर द्रव उकळून खोलीच्या तापमानाला आलं की सुमारे ६९० लिटर वायू होतो. हा वायू विषारी नाही, आपण एरवीही ७८ टक्के नायट्रोजनच श्वासात घेतो. पण बंद खोलीत तो ऑक्सिजनची जागा खातो. आणि शरीराला गुदमरल्याची जाणीव होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. इथे कार्बन डायऑक्साइड तर नेहमीसारखा बाहेर पडत राहतो. त्यामुळे धाप लागत नाही, खोकला येत नाही. जरा हलकं वाटतं, आणि ऑक्सिजन फारच खाली गेला असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो.

आता तुमच्या हॉलचं गणित. १२ मीटर लांब, ८ रुंद, साडेतीन उंच धरला तर ३३६ घनमीटर हवा झाली. २५ लिटरचा भरलेला कंटेनर पूर्ण उकळला तर साधारण १७ घनमीटर नायट्रोजन निघेल आणि ऑक्सिजन २०.९ वरून १९.८ टक्क्यांच्या आसपास येईल. धोक्याची रेघ १९.५ ला धरतात. म्हणजे एका कंटेनरपुरतं कसंबसं निभावतं, तेही हवा नीट मिसळली तर. पण तुमची पोरं तो कंटेनर डेमोच्या आधी ठेवणार कुठे? बहुतेक स्टेजमागच्या तीन बाय तीनच्या खोलीत, साउंड सिस्टीम आणि बॅनरच्या शेजारी. तीन मीटर उंचीची ती खोली २७ घनमीटरची. तिथे तोच कंटेनर कलंडला तर ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि तेवढ्यावर माणूस शुद्धीवर राहत नाही. म्हणून हॉलपेक्षा त्या खोलीची काळजी आधी करा. माझं मत विचाराल तर कंटेनर तिथे ठेवूच नका. उघड्या व्हरांड्यात ठेवा आणि शेजारी एक माणूस बसवा.

आणि एसी. दर वेळी मला यावरूनच भांडावं लागतं. कॉलेजांमध्ये बहुतेक ठिकाणी स्प्लिट एसी असतात. ते खोलीतलीच हवा आत ओढतात, गार करतात आणि परत खोलीतच सोडतात. बाहेरची ताजी हवा ते आणत नाहीत. आयोजक सांगतात, ‘एसी फुल ठेवलाय सर, व्हेंटिलेशनचं टेन्शन नाही,’ आणि कूलिंग जाऊ नये म्हणून दारं लावून घेतात. म्हणजे जे करायला हवं त्याच्या नेमकं उलट. डेमोपुरता एसी बंद करा, समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा, आणि जमिनीलगत दाराकडे तोंड करून दोन मोठे पंखे लावा. मुलांना घाम येईल. मुंबईत राहतात, सवय आहे.

जमिनीलगत का, तर नुकताच उकळलेला नायट्रोजन थंड असल्याने जड असतो आणि खाली बसतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका हॉलमध्ये आमचा डेमो चालू होता. टेबलाला चारही बाजूंनी सॅटिनचा कपडा गुंडाळलेला, शोभेसाठी. कंटेनर आम्ही टेबलाखाली ठेवला होता, लोकांचा पाय लागू नये म्हणून. मॉनिटरची वायर सैल झाली आणि एक स्वयंसेवक ती खोचायला कपड्याच्या आत वाकला. अर्ध्या मिनिटाने त्याचे पाय विचित्र हलताना दिसले. मी आणि मित्राने त्याला पायांना धरून बाहेर ओढलं. थोड्या वेळात तो उठून बसला आणि म्हणाला, ‘काय झालं?’ त्याला काहीच कळलं नव्हतं. हवेतला ऑक्सिजन मोजणारा मीटर आमच्याकडे होता, पण टेबलावर, डोळ्यांच्या उंचीला, आणि तो आरामात २०.७ दाखवत होता. नशीब, दोघांनाही आत वाकायची बुद्धी झाली नाही.

तेव्हापासून मी दोन ऑक्सिजन मीटर वापरतो. एक ओतणाऱ्याच्या छातीशी, एक गुडघ्याच्या खाली. सुरू करायच्या आधी दोन्ही गच्चीवर नेऊन २०.९ दाखवतात का ते पाहतो, कारण त्यांचा सेन्सर जुना झाला की मुकाट्याने चुकतो. अलार्म १९.५ ला. आणि एका माणसाचं काम फक्त मीटर बघणं. त्याने फोटो काढायचे नाहीत, वायर उचलायची नाही, मित्रांशी गप्पा मारायच्या नाहीत. अलार्म वाजला की त्याने ‘बाहेर’ म्हणायचं आणि प्राचार्यांसकट सगळ्यांनी बाहेर पडायचं. कुणी आत पडलेला दिसला तर धावत आत जाऊ नका, आधी दारं उघडा आणि १०८ व १०१ ला फोन करा. अशा अपघातांत दुसरा बळी बहुतेक वेळा वाचवायला गेलेल्याचाच असतो.

मैदानात केलं तर चालेल का, हे पुढे विचाराल म्हणून सांगतो. हॉलपेक्षा नक्कीच बरं, पण आंधळेपणाने नाही. २०१३ मध्ये मेक्सिकोतल्या लेऑन शहरात एका पार्टीत पोहण्याच्या तलावात नायट्रोजन ओतला. धुराची शोभा म्हणून. जागा उघडी होती, पण पोहणाऱ्यांची डोकी पाण्यालगत आणि वायूही पाण्यालगतच. कित्येक जण बेशुद्ध झाले. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, तो पांढरा धूर म्हणजे नायट्रोजन नव्हे, हवेतल्या बाष्पाचे ते थेंब आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत धूर भरपूर दिसतो, पण धूर विरला म्हणजे नायट्रोजनही गेला असं अजिबात नाही.

दुसऱ्या मजल्यावर नेताना लिफ्ट. बंद दाराच्या लिफ्टमध्ये कंटेनरबरोबर माणसाने जायचं नाही. दोन मजल्यांच्या मध्ये वीज गेली तर तुम्ही आणि नायट्रोजन एका डब्यात अडकलात. एकाने खाली लिफ्टमध्ये कंटेनर ठेवून बटण दाबावं, दुसऱ्याने वर उतरवून घ्यावा, मधल्या मजल्यावर कुणी चढू नये म्हणून तिथे एक जण उभा करावा. गाडीतून आणतानाही टेम्पोच्या उघड्या हौद्यात, उभा, दोरीने बांधून. बंद काचांच्या एसी कारच्या डिकीत नाही.

हे द्रव कधीही घट्ट बंद करायचं नाही, हा नियम लहान वाटतो पण त्यात सूट नाही. उघड्या तोंडाच्या कंटेनरचं झाकण सैलच असतं, त्यावर चिकटपट्टी लावू नका. ओतायला घेता तो स्टीलचा थर्मास बिनझाकणाचा हवा, त्याचं फिरकीचं झाकण घरीच ठेवून या. दाबाचं सिलिंडर असेल तर त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो, तो बिघाड नाही, त्याचं कामच ते. अमेरिकेतल्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठात कुणीतरी कधीतरी नायट्रोजनच्या एका टाकीचे असे सुरक्षेचे मार्ग धातूच्या बुचांनी बंद करून ठेवले होते. २००६ मध्ये एका पहाटे ती टाकी फुटली आणि छत फोडून वर गेली. प्रयोगशाळेत त्या वेळी कुणी नव्हतं.

हातमोज्यांचं तुम्ही विचारलं आहे, तर क्रायोजेनिक म्हणजे अतिथंड द्रवांच्या कामाचे, हाताला सैल, झटकले की निघतील असे घ्या. सुती किंवा लोकरीचे नकोत. ते द्रव शोषून घेतात आणि कातडीला धरून ठेवतात. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, पायात बंद चामडी बूट, पँट बुटाच्या बाहेर. पँट बुटात खोचली की सांडलेलं आत साठतं. लागलंच तर कोमट पाणी, चोळायचं नाही, चिकटलेला कपडा ओढायचा नाही आणि डॉक्टरकडे जायचं.

प्रेक्षक किमान दोन-तीन मीटर लांब, दोरी लावून. जवळून बघायचं असेल त्यांच्यासाठी कॅमेरा आणि पडदा. पॉटमध्ये, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या भांड्यात, उकळतं द्रव तसंही पडद्यावरच छान दिसतं. सूत्रसंचालकाला आधीच बजावा की हात बुडवणं, बिस्किट बुडवून खाणं, तोंडातून धूर काढणं यातलं काहीही होणार नाही. अशा धुराच्या बिस्किटांवरून २०२४ मध्ये तामिळनाडूच्या अन्नसुरक्षा खात्याला कारवाई करावी लागली होती. माइक हातात आला की माणसाला चेव येतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

आता पीसी. मुंबईतला खरा शत्रू दव. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना २६ अंशांवरच दव धरतं, मग उणे १५० च्या पॉटभोवती काय होईल ते ओळखा. जानेवारीत बरं असतं, म्हणून फेस्टचा हंगाम त्या मानाने सोयीचा. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटभोवती व्हॅसलीन किंवा मऊ खोडरबर दाबून बसवा, पॉटला फोमची जाड गादी, मदरबोर्डच्या मागेही तीच, आणि खाली टिपणारे कागद. ते अर्ध्या तासाने बदला. पॉवर सप्लाय टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, थोडा उंचावर. २३० व्होल्टची लाइन ईएलसीबीमधूनच, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणाऱ्या स्विचमधूनच घ्या. तापमान मोजणारी तार, म्हणजे थर्मोकपल, पॉटच्या तळाशी हवी. काही प्रोसेसर ठरावीक थंडीखाली चालतच नाहीत, मशीन बंद पडतं आणि पॉट गरम करावा लागतो. घरी लोक ब्लोटॉर्च वापरतात. गर्दीत ज्योत नको, हीट गन घ्या. कारण आणखी एक आहे. ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर द्रव होतो, त्यामुळे त्याहून थंड उघड्या धातूवर हवेतला ऑक्सिजन थेंब धरू शकतो, आणि तसा थेंब कागदात मुरला की कागद पेटायला निमित्त पुरतं.

किती मागवायचा? ३०० वॅट तापणारा प्रोसेसर एकटाच तासाला साडेसहा लिटरच्या आसपास खातो. पॉट पहिल्यांदा थंड करणं, सांडणं, कंटेनरमधून आपोआप उडणं धरून दोन तासांना २५ लिटर पुरतात. ‘असू दे’ म्हणून ५० मागवू नका. जितका जास्त आणाल तितका जास्त त्या हॉलमध्ये उडेल. आणि पहिल्यांदाच जाहीरपणे करताय तर विक्रमाच्या मागे लागू नका. २०२२ मध्ये इंटेलचा कोअर आय-नाइन १३९०० के हा प्रोसेसर नायट्रोजनवर ८.८ गिगाहर्ट्झला नेला होता. एरवी तो फार तर ५.८ ला धावतो. तुम्ही साडेसहाला सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी पूर्ण करून दाखवलीत तरी मुलं शिट्ट्या मारतील.

उरलेला नायट्रोजन बेसिनमध्ये किंवा मोरीत ओतू नका, प्लास्टिकचे पाइप तडकतात. फरशीवरही नको. व्हरांड्यात झाकण सैल ठेवून पुरवठादाराला परत द्या, किंवा थोडाच असेल तर मैदानातल्या मातीवर ओता. प्रत्येक डेमोनंतर एक तरी मुलगा पाण्याची रिकामी बाटली घेऊन येतो, ‘सर, थोडा द्या ना, घरी दाखवायचाय.’ त्याची बाटली आधी हातातून काढून घ्या, आणि त्याला बरोबर मैदानात न्या. मातीवर ओतताना बघायला त्याला दोन पावलं मागे, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं करा.