‘बाकीचं मी बघतो’

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, “सर म्हणाले, गाण्याच्या करारावर सही करून टाक, बाकीचं मी बघतो.” त्या ‘बाकीचं’पाशीच मी अडकले आहे.

‘बी माय बेबी’ हे इंग्रजी गाणं हेडफोन लावून ऐक. न्यूयॉर्कच्या तीन मुलींचा ग्रुप, रॉनेट्स. रॉनी, तिची बहीण एस्टेल आणि नात्यातली नेड्रा. गाण्याचा निर्माता फिल स्पेक्टर. एका खोलीत ढीगभर वादक कोंबून तो आवाजाची भिंत उभी करायचा. त्या भिंतीतून आरपार येतो तो रॉनीचा गळा. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत ती बायकांच्या बाथरूममध्ये रियाज करायची, तिथे आवाज छान घुमतो म्हणून. (म्हणजे ही खोड आपल्याकडचीच नाही!)

नाव मात्र भिंत बांधणाऱ्याचं झालं. १९६६ मध्ये ग्रुप बीटल्सबरोबर अमेरिकाभर फिरला, तेव्हा रॉनी घरी. त्याने जाऊच दिलं नाही. १९६८ मध्ये त्याच्याशी लग्न, १९७२ मध्ये अनवाणी त्या घरातून बाहेर. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला तुला दाखवायचाय तो १९६३ चा कागद.

पाच वर्षांचा करार. तिघींना मिळून साधारण १५,००० डॉलर आगाऊ मिळाले, आणि पुढे रॉयल्टी म्हणून छदामही नाही. १९८७ चा ‘डर्टी डान्सिंग’ हा सिनेमा सुरू होतो तोच या गाण्याने. तिघी कोर्टात गेल्या. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं: रेकॉर्डविक्रीची रॉयल्टी द्या, पण सिनेमा, टीव्ही, जाहिरातीतल्या वापराचे हक्क निर्मात्याचे. का? मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी करारात सरसकट देऊन टाकली होती, आणि या वापराबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. राखून ठेवलं नाही, ते गेलं.

मी स्वतः एकांकडे वर्षभर डमी गायले, म्हणजे मुख्य गायिकेच्या आधीचं कच्चं गाणं. एक डमी तशीच कॅसेटवर आली, नावाशिवाय. विचारलं तर म्हणाले, “तू घरचीच ना?” घरचीला पाकीटही नव्हतं.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीपासून व्यावसायिक वापरासाठी गायकालाही रॉयल्टीचा हक्क आहे. तरी कागदावर बघ: नाव कुठे कुठे येणार, किती वर्षं बांधलेली, बाहेर गायला परवानगी लागणार का, रील्स नि जाहिरातींचं काय, तुझ्या आवाजावरून मशीनकडून नवं गाणं गाऊन घेतलं तर काय. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ असं एकाच ओळीत दिसलं, की तिथे थांब.

सर गुणी आहेत, हे मला मान्य आहे. स्पेक्टरही होता.

रविवारी दहाला ये, कागद घेऊन, सही न करता. माझ्या ओळखीच्या वकीलबाईही येतील. सरांना आजच सांग, “मॅडमना दाखवून मग सही करते.” ते काय म्हणतात, ते मला जसंच्या तसं कळव.

तुझी,
मॅडम