शस्त्रक्रिया लांबते तेव्हा

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाला पंचविशीनंतर हळूहळू ऐकू येईनासे झाले. श्रवणयंत्राचा उपयोग संपल्यावर डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे, आवाजाचे संकेत थेट श्रवणतंतूंना देणारे यंत्र) सुचवले. परंतु पैशांच्या जुळवाजुळवीत शस्त्रक्रिया वारंवार पुढे गेली. आता दादा लग्नकार्यालाही येत नाही, दिवसभर केळीच्या बागेत राहतो आणि ‘ते ऑपरेशन नकोच’ म्हणतो. त्याची समजूत कशी घालावी?
– एक भगिनी, रावेर तालुका

उत्तर : ताई, समजूत घालण्यापूर्वी हा नकार कोठून आला ते पाहावे. दर वेळी मनाची तयारी करायची आणि तारीख पुढे गेली की ती मोडायची, असे अनेकदा झाले की पुढची निराशा टाळण्यासाठी माणूस स्वतःच ‘नको’ म्हणू लागतो. त्याला हट्ट म्हणू नये. इम्प्लांटसाठी मिळणारी सरकारी मदत मुख्यतः लहान मुलांसाठी असल्याने, आपल्या कानापायी घर कर्जात जाईल ही टोचणीही प्रौढ माणसाच्या मनात असू शकते आणि ती तो सहसा बोलून दाखवत नाही.

बहिरेपणाचा काळ वाढत गेला तर इम्प्लांटचा लाभ घटण्याची शक्यता असते, हे खरे; तरी बोलणे शिकल्यानंतर ज्यांची श्रवणशक्ती गेली, अशा प्रौढांना त्याचा बहुधा चांगला उपयोग होतो. मात्र यंत्र शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी सुरू होते, आरंभी ओळखीचे आवाजही चिरके, यांत्रिक वाटतात आणि अनेक महिने सराव करावा लागतो. हे आधी सांगितले नाही, तर ज्या दिवसाची इतकी वाट पाहिली तोच दिवस जिव्हारी लागतो. सराव घरच्या बोलीतही करावा, मग ती लेवा गणबोली असो वा अहिराणी.

तोवर घरातले वागणे बदलता येईल. सगळे हसत असताना ‘काय झाले?’ विचारणाऱ्याला ‘काही नाही, नंतर सांगतो’ हे उत्तर मिळते, तेव्हा तो पंगतीत बसूनही एकटा पडतो. माझ्या मते लग्नकार्य टाळण्यामागे हेच अधिक असावे. उजेडात, समोर बसून, एकेकाने बोलावे. बोलणे मराठी अक्षरांत दाखवणारे मोबाइल अ‍ॅप वापरावे. झोप व भूक उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना लवकर दाखवावे. जगण्याबद्दल निरवानिरवीची भाषा येऊ लागली, तर त्याच दिवशी न्यावे आणि एकटे सोडू नये. शस्त्रक्रियेचा निर्णय दादांचाच आहे, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांनी प्रश्न लिहून त्यांनाच विचारावेत आणि त्यांच्या वतीने घरच्यांनी उत्तरे देऊ नयेत.