घरून काम, आठ तासांची टाइमशीट आणि क्वेकर मंडळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरून काम करता, दिवसाचं खरं काम पाच तासांत उरकतं, मॅनेजर म्हणतो टाइमशीटला आठच भर, क्लायंट कुठे बघायला येतोय. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मूल्यांबद्दल कुठेतरी वाचलंत. ती आपल्या आयटीत चालतील का?

मी क्वेकर नाही. राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडला, 2020 पासून नोकरी जेवणाच्या टेबलावरून चालते. आमच्या इंग्लंडमधल्या क्लायंटकडे एक क्वेकर गृहस्थ होते, त्यांच्यामुळे ही मंडळी कळली. तोवर क्वेकर म्हणजे ओट्सचा डबा. (त्या कंपनीचा या पंथाशी काही संबंध नाही, हेही त्यांनीच हसत सांगितलं.)

आधी माझं सांगतो. माझंही तुमच्यासारखंच होतं, काम पाच तासांचं आणि टाइमशीट आठची. टीम्स या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवर पाचेक मिनिटं हात लावला नाही की हिरवा ठिपका पिवळा होतो. मी बाबांचं जुनं एचएमटी घड्याळ टेबलावर उताणं ठेवायचो आणि त्याच्यावर माउस. खाली सेकंदकाटा फिरतो, वर माउसला वाटतं कुणी हलवतंय. दुपारी दीड तास झोपलो तरी ठिपका हिरवागार! एकदा आईने विचारलं, घड्याळाला काय झालंय, झाकून का ठेवतोस? मला उत्तर देता येईना.

क्वेकर पंथ 1650 च्या आसपास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या मागे उभा राहिला. हे लोक कोर्टात शपथ घेत नसत. शपथेवर खरं बोलतो म्हणायचं, तर एरवी खोटं चालतं असं कबूल केल्यासारखं होतं, हे त्यांचं म्हणणं. त्यापायी तुरुंगात गेले. शतकाच्या अखेरीस संसदेला त्यांच्यासाठी शपथेऐवजी साध्या प्रतिज्ञेची सोय करावी लागली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. आपणही ऑडिटच्या मेलमध्ये शब्द न् शब्द तोलतो आणि सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, ‘ऑलमोस्ट डन’ म्हणून मोकळे होतो.

यांचे दुकानदार घासाघीसही करत नसत. एकच भाव, गिऱ्हाईक कुणीही असो. जांभळी नाक्याच्या बाजारात वाढलेल्या माणसाला हे पचायला जडच! पण लोकांना कळलं, की या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी फसवणूक होत नाही, आणि धंदा वाढला. तुमचा क्लायंट त्या पोराच्या जागी आहे. त्याला इथलं काही दिसत नाही, तुम्ही जो आकडा सांगाल तो खरा.

तरी त्यांना देव्हाऱ्यात बसवू नका. कॅडबरी हे क्वेकर घराणं. त्यांचा कोको साओ टोमे बेटावरून यायचा, आणि तिथे मजुरांना गुलामासारखं राबवतात हे 1901 मध्ये त्यांच्या कानावर आलं. खरेदी थांबली 1909 मध्ये. त्यावर टीका करणाऱ्या वर्तमानपत्रावर त्यांनी खटला भरला, जिंकलाही, पण ज्युरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. लांबचं दिसत नाही ही सबब नवी नाही.

आता तुमच्या कामाचं. मॅनेजरशी भांडायला लगेच जाऊ नका. क्वेकरांत एक रीत आहे: माणूस पेचात असला की चार-पाच जण त्याच्याबरोबर शांत बसतात आणि फक्त प्रश्न विचारतात. सल्ला द्यायचा नाही. मी दोन मित्रांना तलावपाळीला बोलावून हे करून पाहिलं. पहिली दहा मिनिटं हसण्यातच गेली, एकाला तर सल्ला दिल्याशिवाय राहवेना. मग दुसऱ्याने विचारलं, काम पाच तासांत संपतं हे तू कुणाला कधी सांगितलंस का?

नव्हतं सांगितलं. तीन वर्षांत एकदाही नाही. मॅनेजर खोटं भरायला लावतो ही माझी तक्रार होती, पण त्याच्यापर्यंत खरा आकडा गेलाच नव्हता. तोही अंदाजानेच आठ म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मेल टाकला: या आठवड्यात बिल करण्यासारखे 27 तास, 13 तास रिकामा आहे, काम असेल तर द्या. तक्रारीचा सूर नाही, नुसते आकडे. पंधरा दिवस साहेब तुटक वागले. मग शेजारच्या टीमचं टेस्टिंग माझ्याकडे आलं, बहुतेक तास खरोखरच भरायला लागले. त्या वर्षी रेटिंग मात्र एक पायरी खाली आलं, हे लपवत नाही. तुमच्यावर घराचा हप्ता असेल तर दोन-तीन महिन्यांची सोय करून मगच मेल पाठवा, आणि त्याची एक प्रत जपून ठेवा.

घड्याळ परत बाबांच्या कपाटात गेलंय. दुपारी झोपतो अजूनही, पण ‘दीड तास नाही’ असं स्टेटस टाकून.