लॉनवरचा बार, हायवेवरची परमिट रूम आणि पाच रुपयांची पावती

(राज्य उत्पादन शुल्क विभागात एकतीस वर्षं खाकी घातलेले निवृत्त दुय्यम निरीक्षक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मुलाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच आहे. आदल्या संध्याकाळी मुळशीकडच्या एका लॉनवर संगीत आणि जेवण ठेवलंय, माणसं दीडशेच्या आसपास. मुलाच्या मित्रांसाठी बार हवाच, असा घरातून आग्रह आहे. लॉनवाले म्हणतात, "काका, परवान्याचं टेन्शन घेऊ नका, आमचं सेटिंग आहे." बार केटररचीच पोरं सांभाळणार. सावंतवाडीचे साडू म्हणतात, माल गोव्याहून आणू, निम्म्यात काम होईल. डीजे बारापर्यंत. कशाकशाची परवानगी काढू? मुलगा २४ वर्षांचा आहे, मित्र त्याच्याच वयाचे.
– एक वरपिता, पुणे

उत्तर : सेटिंग हा शब्द मी नोकरीत रोज ऐकला. पंचनाम्याच्या कागदावर मात्र त्या सेटिंगवाल्याची सही एकदाही बघितली नाही. सही यजमानाची असते, आणि यजमान तुम्ही आहात.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग बाकीचं आपोआप उलगडेल. आपल्या राज्यात दारूविषयीचा जो मूळ कायदा आहे, त्याचं नावच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. पूर्वी तो 'मुंबई' दारूबंदी अधिनियम होता. म्हणजे कागदोपत्री इथे बंदी आहे, आणि परवाना म्हणजे त्या बंदीतून तेवढ्यापुरती मिळालेली सूट. कोणाला, कुठे, किती वाजेपर्यंत, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. तेवढंच चालतं. 'परवाना नाही, पण मनाईसुद्धा कुठे लिहिलीये?' असा युक्तिवाद मी कित्येक वकिलांच्या तोंडून ऐकलाय. तो इथे चालत नाही, कारण मनाई पहिल्या पानावरच आहे.

तुम्हाला लागेल तो एक दिवसाचा परवाना. आमच्या भाषेत एफएल-४ अ. एफएल म्हणजे फॉरेन लिकर, विदेशी मद्य. नाशिकला तयार झालेली व्हिस्कीसुद्धा कायद्याला विदेशीच, त्यात गोंधळू नका. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे करायचा, हल्ली ऑनलाइनही होतो. त्यात कार्यक्रमाची तारीख, वेळ, जागेचा नेमका पत्ता आणि जागामालकाची संमती लागते. शुल्क वेळोवेळी बदलतं, म्हणून केटरर सांगेल तो आकडा धरू नका, कार्यालयात विचारा. आणि हे आठ-दहा दिवस आधी करा. सीझनमध्ये शुक्रवारी दुपारी धापा टाकत येणारे वधूपिते मी फार पाहिलेत.

तारीख ठरवताना निवडणुकांचं वेळापत्रकही बघा. तुमच्या भागात मतदान असेल, तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे. त्या काळात परवाना मिळत नाही आणि दुकानंही बंद. हा सीझन नेमका लग्नांचाही आणि निवडणुकांचाही असतो.

जागेचं मात्र फार सांभाळा. एकदा आम्ही अशाच एका लॉनवर गेलो होतो. यजमानांकडे परवाना होता, रीतसर, शुल्क भरलेला. पण संध्याकाळी अवकाळी कोसळला आणि सगळा बार उचलून शेजारच्या हॉलमध्ये नेला. हॉल दुसऱ्या मालकाचा, गट नंबर वेगळा. कागदावर 'लॉन' लिहिलेलं. ते गृहस्थ बिचारे कागद हातात धरून उभे, आणि मी त्यांना सांगतोय की हा कागद त्या भिंतीपलीकडे चालतो, अलीकडे नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, खरं सांगतो. तेव्हा अर्जात लॉनबरोबर पावसाची पर्यायी जागाही आधीच विचारून लिहून घ्या.

आता साडूंचा गोवा. गोव्यातल्या बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं, ते शोभेला नसतं. स्वस्ताई आहे ती तिथला कर कमी म्हणून, आणि इकडचा कर बुडवून ती बाटली इकडे आणणं हा गुन्हा. मी सिंधुदुर्गात होतो तेव्हा इन्सुलीच्या नाक्यावर काय काय बघितलं नाही! फणसांखाली, टोमॅटोच्या क्रेटखाली, एकदा तर लग्नाच्या रुखवतात. मालाबरोबर गाडीही जप्त होते, आणि साडूंची गाडी सोडवायला कोर्टाच्या तारखा पडतात. वाचलेले पैसे तिथेच जातात, वर सासुरवाडीत जन्मभराचं ऐकावं लागतं ते वेगळं. माल महाराष्ट्रातल्या परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि बिलं त्या रात्री खिशात ठेवा. तपासणीला कोणी आलं तर परवान्यानंतर पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

नवरदेवाचं वय तुम्ही आपणहून लिहिलंत, बरं केलंत. बिअर आणि वाइनला आपल्याकडे वय २१, पण व्हिस्की, रम अशा कडक मद्याला २५. लग्नाला २१ पुरतात, पेगला नाही! म्हणजे तुमचा मुलगा कायद्याने संसार मांडू शकतो, पण स्वतःच्या संगीताला व्हिस्कीचा ग्लास उचलू शकत नाही. हसू येतं, मलाही येतं, पण परवाना तुमच्या नावावर आहे, मित्रांच्या नाही. बारवरच्या पोरांना तसं बजावून ठेवा, नाहीतर त्या टेबलावर बिअर आणि वाइनच ठेवा, म्हणजे वाद मिटला.

डीजेचं खातं आमचं नव्हे, पोलिसांचं. ध्वनिक्षेपकाची परवानगी स्थानिक ठाण्यातून काढा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचा आवाज रात्री १० ला बंद. बारापर्यंतची सवलत सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसच देऊ शकतं, तीही सणउत्सवांसाठी. तुमची संध्याकाळ त्यात बसणार नाही. गाणी वाजवायची म्हणून कोणी 'म्युझिक लायसन्स'चे पैसे मागायला आला, तर त्याला कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(झेडए) दाखवा. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले घरगुती समारंभ त्यातून वगळलेले आहेत. मात्र तिकीट लावून ऑर्केस्ट्रा ठेवलात तर तो सार्वजनिक करमणुकीचा कार्यक्रम झाला. त्याचे परवाने वेगळे, आणि तुम्हाला त्यात पडायचं कारण नाही.

प्रश्न : आमचं गाव सातारा जिल्ह्यात, राष्ट्रीय महामार्गाला लागून. लोकसंख्या सहा हजार. गावातल्याच एकाने महामार्गालगत परमिट रूमसाठी अर्ज केलाय, असं कळतं. जवळच मुलींचं हायस्कूल आहे. आम्ही बचत गटाच्या बायका विरोधात आहोत, पण सरपंच म्हणतात, परवाना सरकार देतं, गावाच्या हातात काही नाही. खरं आहे का?
– बचत गटाची अध्यक्षा

उत्तर : ताई, परवाना सरकार देतं हे खरं, गावाच्या हातात काही नाही हे खोटं. सरपंच बहुतेक अर्जदाराच्या गाडीतून फिरत असावेत. (हा माझा अंदाज, पुरावा नाही.)

परमिट रूमचा परवाना, म्हणजे एफएल-३, जिल्हाधिकारी देतात. खेडेगावात त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. तेव्हा पहिलं काम, ग्रामसभेची नोटीस कधी निघते त्यावर डोळा ठेवा आणि त्या दिवशी शेतावर जाऊ नका. पाचपंचवीस माणसांत उरकलेल्या सभेचा ठराव फाइलला लागलेला मी स्वतः पाहिलाय. दुसरं, लेखी हरकत आजच द्या. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक अधीक्षकांना, दोन्हींवर पोच घ्या. तोंडी विरोध फाइलला लागत नाही.

तिसरं, टेप घ्या. शाळा आणि देवस्थानापासून परमिट रूम ७५ मीटरच्या बाहेर हवी. हे अंतर पक्ष्यासारखं आकाशातून मोजत नाहीत, माणूस पायी जातो त्या वाटेने, फाटकापासून दारापर्यंत मोजतात. यात एक जुनी युक्ती आहे. हॉटेलवाला पुढचं दार बंद करून मागच्या गल्लीत दार काढतो आणि अंतर लांबवतो. पाहणीचा पंचनामा होईल तेव्हा तिथे हजर राहा आणि रोज वापरात असलेलं दार कोणतं, ते लिहायला लावा.

महामार्गाचं त्याहून मोठं हत्यार तुमच्याकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायला मनाई केली. मार्च २०१७ मध्ये, २०,००० किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर केलं. सहा हजारांचं तुमचं गाव त्या आकड्यात बसतं. पण पुढे शहरी हद्दीला आणि काही गावांनाही सूट मिळाली, म्हणून तुमचं गाव त्या सुटीत येतं का हे आधी अधीक्षक कार्यालयात विचारा, आणि 'आमचं गाव निमशहरी आहे' असा दाखला अर्जदाराने जोडलाय का, हे फाइलमध्ये बघा. माहिती अधिकारात फाइल मिळते.

एवढं करूनही परवाना मिळालाच, तर आडवी बाटली आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतात. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. बंदीसाठी निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि खाच इथे आहे. ती निम्मी झालेल्या मतदानाची नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांची. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीलाच मत देते. मुंबईला गेलेल्या सुना, पुण्यात राहणाऱ्या लेकी, सगळ्या यादीत असतात. त्या दिवशी त्यांना आणायला गाड्या लागतील. समोरचा गाड्या ठेवणार नाही, त्याला लोक न आलेलेच हवे असतात.

प्रश्न : परमिट रूमला 'परमिट' रूम का म्हणतात? मी वीस वर्षं जातोय, मला कोणी परमिट विचारलं नाही.
– एक नियमित, डोंबिवली

उत्तर : कारण तिथे पिण्याचा परवाना असलेल्यालाच बसता येतं. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना, वर्षाचा शंभरला आणि आजन्म हजाराला. बारमालकाकडे एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं असतात, आणि तपासणी येणार असं कळलं की वेटर भराभर पावत्या फाडतो. काउंटरवर बसलेल्या गिऱ्हाइकांना आपल्या नावाची पावती फाटलीय हे ठाऊकही नसतं. एका पुस्तकात मी एकाच रात्रीत चौदा 'रमेश पाटील' मोजलेत.

नियमितराव, तुम्ही हजार भरून आजन्म परवाना काढून टाका. वीस वर्षांचा हिशोब केलात तर पाच-पाच रुपयांपेक्षा स्वस्त पडेल.