वस्तीवर राहायला आलास म्हणून

चि. मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. वरच्या वस्तीवर चोरी झाल्यापासून तुझ्या घरात कुणी नीट झोपलेलं नाही, आई रात्रीतून उठून उठून कडी चाचपतात आणि तू उशाशी कोयता ठेवतोस, असं लिहिलंस. कुंपणाच्या तारेत करंट सोडू का, हेही विचारलंस. पोलीस पाटील असताना अशा बऱ्याच घरांत मी रात्री-अपरात्री गेलोय, पंचनाम्याला उभा राहिलोय. त्या अनुभवावरून लिहितो. थोडं लांबेल, पण पुरतं वाच.

आधी करंटचं. एक रात्रसुद्धा सोडू नकोस. सकाळी बटण बंद करायचं राहून जातं आणि वैरणीला गेलेली बाई, चेंडूमागे धावलेलं पोर नाहीतर आपलीच गाय त्या तारेला चिकटते. रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटने शेजारी गेले, वाटसरू गेले, ज्यांनी तार ओढली ते शेतकरीही गेले. चोर मेला तरी तो माणूसच आहे, आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा तुझ्यावर लागेल. बॅटरीवर चालणारं झटका मशीन वेगळं, त्याचा झटका क्षणभराचा असतो. पण ते पिकासाठी ठेव. जिथे तुझी लेक खेळते त्या अंगणाभोवती तेही नको.

आता कोयता. गाढ झोपेतून उठलेला एकटा माणूस, अंधार, समोर तयारीने आलेले चार-पाच जण. अशा वेळी कोयता तुझ्या हातात किती वेळ राहील? घरात हत्यार दिसलं की घाबरलेला चोर आधी मारतो. कायदा तुझ्या बाजूने आहे, हे खरं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वतःच्या आणि मालमत्तेच्या बचावाचा हक्क दिलेला आहे. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याच्या बाबतीत तो हक्क बराच मोठाही आहे. पण बचावाला जेवढी लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पळणाऱ्याच्या पाठीत केलेला वार बचावात बसत नाही. किती इजा लागत होती, हे नंतर कोर्टात ठरतं, वर्षानुवर्षांच्या तारखांमध्ये. तोवर शेत कोण बघणार? कोयता गोठ्यात ठेव, ऊस तोडायला वापर.

मग घर राखायचं कसं? वस्ती राखतात ती हाकेला धावून येणारी माणसं. गावठाणात भिंतीला भिंत असते, कुणी खोकलं तरी शेजारी कळतं. वस्तीवर शेजारचं घर दोन-तीन शेतं ओलांडून असतं. म्हणून दार, दिवा, कुत्रा, कुंपण यांचं काम एकच: माणसं पोचेपर्यंत चोराला बाहेर अडवून धरणं. चोर फार वेळ थांबत नाही. दहा मिनिटांत काम झालं नाही किंवा आवाज झाला, तर तो सहसा निघून जातो.

तेव्हा पहिलं काम सुताराकडे नाही, शेजाऱ्यांकडे आहे. तुझ्या चारही बाजूंच्या वस्त्यांवर जाऊन बस, चहा घे. कोणाच्या घरी म्हातारी माणसं एकटी असतात, कोण रात्रपाळीला मोटार चालू करायला रानात असतो, कोणाचा फोन रात्री सायलेंटवर असतो, हे विचार. तू पुण्याहून आलेला, लोक अजून तुला अमक्याचा नातू म्हणून ओळखतात. चोरीच्या रात्री तुझ्या हाकेवर कंदील-बॅटरी घेऊन निघायला त्यांना तुझा आवाज ओळखीचा व्हायला हवा. आणि जाताना तुझ्या बायकोलाही घेऊन जा. वस्तीवरच्या बायका एकमेकींना जेवढ्या लवकर फोन करतात, तेवढ्या लवकर पुरुष करत नाहीत.

चौघा घरांनी मिळून एक खूण ठरवा. एखादा बॅटरीवरचा भोंगा, नाहीतर ट्रॅक्टरचा हॉर्न न थांबता. वाजला की प्रत्येकाने आधी आपले बाहेरचे दिवे लावायचे, ओरडायचं, फोन फिरवायचे, आणि मगच एकत्र होऊन निघायचं. एकट्याने कुणी धावायचं नाही.

ग्रामसुरक्षा यंत्रणेत गावाचं नाव आहे का, तेही बघ. पुणे, नाशिक, अहिल्यानगर भागात ती बऱ्याच गावांत चालते. 1800 270 3600 या टोल फ्री नंबरवर नोंदवलेल्या फोनवरून बोललं की तुझाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाइलवर कॉल म्हणून जातो. मात्र नोंदणी आधी झालेली हवी. घरातल्या प्रत्येकाचा नंबर टाकून घे, आईंचा साधा फोनसुद्धा. आणि 112 हा पोलीस मदतीचा नंबर सगळ्यांना तोंडपाठ हवा.

112 ला फोन लागला तरी गाडीला घर सापडायला हवं. इथे बरंच अडतं. एकाच आडनावाच्या वस्त्या एकेका गावात तीन-तीन असतात, आणि घाबरलेला माणूस ‘वस्तीवर या, वस्तीवर’ एवढंच सांगत राहतो. कागदावर ठळक अक्षरात लिहून फोनजवळ चिकटव: गाव, तालुका, गट नंबर, कोणत्या फाट्यावरून आत, कॅनॉलच्या अलीकडे की पलीकडे, घराची खूण. पाच वर्षांच्या लेकीला वाचता येत नसेल तर पाठ करायला लाव. फाट्यावर बाण काढलेली पाटी लाव, रात्री चमकणाऱ्या पट्टीची.

आता दार. बहुतेक घरफोड्यांत कुलूप शाबूत असतं, उचकटलेला असतो तो कोयंडा. तुझ्या मागच्या दाराचा कोयंडा मी मागे बघितला होता. चार बारके स्क्रू, लाकडात बोटाच्या पेरभर गेलेले. पहारीच्या एका हिसक्यात तो कुलपासकट हातात येतो. ते स्क्रू काढ आणि आरपार बोल्ट टाक, नट घराच्या आतल्या बाजूने, त्यामागे लोखंडी पट्टी. चौकटही हलवून बघ. जुन्या मातीच्या भिंतीत चौकटीच्या कडेने माती सुटलेली असते. तिथे होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, घालून सिमेंटने बसवून घे, नाहीतर नवं दार चौकटीसकट बाहेर येईल. आतून आडवा अडसर लाव. आपल्या आजोबांच्या वाड्यांना तो असायचा, लोकांनी नवी घरं बांधताना का सोडला कोण जाणे.

बाहेरची कडी मात्र काढून टाक. चोर एक घर फोडायच्या आधी आसपासच्या दारांना बाहेरून कड्या घालतात. मग आत माणसं ओरडत राहतात आणि मदतीला कुणीच निघू शकत नाही. दारात बसवायचं इंटरलॉक घे, आतून-बाहेरून चावीने उघडणारं. चारी घरांत हे करून घ्या. शेजाऱ्याच्या दाराची कडी हा तुझ्याच सुरक्षिततेचा भाग आहे.

उन्हाळ्यात सगळे गच्चीवर किंवा अंगणात झोपतात आणि खाली घर उघडं पडतं. उकाडा आहे, कळतं मला. मग खालची दारं कुलूप लावून वर जा, आणि शिडी वर ओढून घे. अंगणात पडलेली पहार, टिकाव, शिडी, जॅक हे सगळं संध्याकाळी आत गेलंच पाहिजे. पंचनाम्यांत दार फोडायला वापरलेली वस्तू त्याच घरची निघालेली मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे.

दिव्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. ओसरीवर झगझगीत बल्ब लावतात, आणि त्याच्या उजेडात आपण बाहेर बघायला गेलो तर डोळे दिपतात. अंगणातला माणूस आपल्याला बघतो, आपल्याला तो दिसत नाही. दिवा घराच्या कोपऱ्यावर उंच लाव, तोंड बाहेर, जमिनीकडे. ओटा अंधारात राहू दे. माणूस जवळ आल्यावर लागणारे सौर दिवे आता तालुक्याला सहज मिळतात, लाइट गेली तरी चालतात. एक गोठ्यावर, एक मागच्या दारावर, एक मोटारीच्या पेटीवर. केबल आणि स्टार्टर घरातल्या सोन्याइतकेच चोरीला जातात.

ऊस घराला टेकवून लावू नकोस. दोन गुंठ्यांचं उत्पन्न गेलं तर जाऊ दे, पण घराभोवती मोकळी पट्टी हवी. शिरूर-जुन्नर पट्ट्यात राहतोस, उसात बिबट्याही असतो. मोकळ्या जागेचा दोघांसाठीही उपयोग आहे. त्या पट्टीत भुईमूग कर, मेथी कर. मागच्या बाजूला, जिथे ओढ्यातून वर यायला वाट आहे, तिथे सागरगोटा किंवा चिलार अशी काटेरी झुडपं लाव. दोन-तीन पावसाळ्यांत अशी गचपण होते की कुत्रंसुद्धा आत शिरत नाही. पुढची बाजू मात्र कंबरेएवढीच ठेव, रस्त्यावरून जाणाऱ्याला तुझं अंगण दिसलं पाहिजे.

कुत्री गावठीच पाळ, आणि दोन पाळ. एक बाहेर, एक रात्री ओसरीच्या जाळीत. बाहेरच्याला विषारी तुकडा टाकला तरी आतलं भुंकतं, आणि बिबट्यापासूनही ते वाचतं. अनोळखी हाताचं खायचं नाही, ही सवय पिल्लू असतानाच लाव. रेबीजची लस चुकवू नकोस. कॅमेरा घ्यायचाच असेल तर सिमवर चालणारा घे, ज्याचं चित्रण लगेच मोबाइलवर येतं. चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआर, नुसती घरात असेल तर चोर तीही उचलून नेतात.

एक गोष्ट आईंना तूच समजावून सांग. लग्नातले दागिने कणगीत, देवाच्या फळीमागे, गाद्यांच्या घडीत ठेवणं आता थांबवा. या जागा चोराला तुमच्याआधी माहीत असतात. सोनं बँकेत लॉकरला, आणि कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की पैसे खात्यावरच. यंदा किती पिशव्या गेल्या, काय भाव लागला, हे पारावर मोठ्याने बोलू नये. पंढरपूरला किंवा तिरुपतीला निघालात तर स्टेटस परत आल्यावर ठेवा. दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याला अंगणातूनच नमस्कार करा.

एवढं करूनही एखाद्या रात्री दारावर थाप पडली, तर दार उघडायचं नाही. ‘पाणी द्या’, ‘गाडी बंद पडली’, काहीही सांगोत. खिडकीतून बोल, बाहेरचे दिवे लाव, भोंगा वाजव, फोन लाव. खरंच अडलेला असेल तर शेजारी आल्यावर त्याला पाणीही देऊ, गाडीही ढकलू. आणि ते आत आलेच, तर सगळ्यांना एका खोलीत घेऊन आतून अडसर घाल. तेही जमलं नाही तर जे मागतील ते देऊन टाक. मंगळसूत्रासाठी झटापट करून जीव गमावलेल्या बाईच्या घरी मी गेलोय. त्या घराबद्दल याहून जास्त लिहवत नाही. ते निघून गेल्यावर कशाला हात लावू नका, अंगणात गर्दी करू नका. श्वानपथकाला वास आणि ठसेतज्ज्ञाला ठसे मिळायला हवेत. गुन्हा नोंदवल्यावर एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नकोस.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात वजनाचं. तू लिहिलंस की ओढ्याकाठी पारध्यांची पालं पडलीत, लोक म्हणतात तेच असणार. कोण म्हणतं? कशावरून? इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण आपल्या डोक्यातून गेला नाही. ऊसतोडीला बीडकडून आलेली कुटुंबं, रस्त्याने जाणारे भिक्षेकरी, सगळ्यांकडे आपण त्याच नजरेने बघतो. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात दवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, एवढी अफवा पुरली. एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तशाच अफवेवरून. मारणारे सगळे आपल्यासारखे घरसंसाराचे, रात्री जागून गाव राखायला निघालेले लोक होते. हातात काठ्या-कुऱ्हाडी घेऊन गस्त निघाली की हे व्हायला वेळ लागत नाही. म्हणून तुमच्या गस्तीत बॅटरी, शिट्टी आणि फोन, एवढंच राहू दे. अनोळखी माणूस सापडला तर बसवायचं, पाणी द्यायचं, पोलीस पाटलाला बोलवायचं. त्याच्या अंगाला कुणी हात लावत असेल तर तू मध्ये पडायचं. शिकलेला आहेस, तुझं ऐकतील.

आणि त्या पालांवर जाऊन ये. माणसांची नावं विचार, कुठून आलेत, पोरं शाळेत जातात का ते विचार. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, यंदा तुझ्या रानात बसव. खत तर मिळेलच, पण मेंढरांपाशी रात्रभर कुणी ना कुणी जागं असतं आणि त्यांची कुत्री वाऱ्यालाही भुंकतात. ज्यांच्यावर आपण संशय घेतो त्यातलीच कितीतरी माणसं ओढ्यापलीकडची हालचाल आपल्याआधी ओळखतात. त्यांना तुझा नंबर देऊन ठेव.

येत्या अमावास्येच्या आत मागच्या दाराचं काम उरकू. मापाचे बोल्ट मी आणतो, तू सुताराला रविवारी सकाळी बोलावून ठेव. त्याच दिवशी दुपारी चारी घरची माणसं तुझ्या ओट्यावर जमव, नोंदणीचे नंबर मी लिहून घेतो. आईंना नमस्कार, सूनबाईंना आणि छकुलीला आशीर्वाद.

तुझा,
काका