हुकूमशाही संपल्यावर जुन्या गोष्टी उकरण्यापेक्षा स्पेनसारखं विसरून पुढे जाणं शहाणपणाचं नाही का?

उदाहरण तुम्ही स्पेनचं दिलंय, तर तिथूनच सुरुवात करते. हुकूमशहा फ्रँको नोव्हेंबर 1975 मध्ये वारला आणि 1977 साली संसदेनं माफीचा कायदा केला. राजकीय कैदी सुटले, तसेच त्यांचा छळ करणारेही सुटले. लोकशाही रुजली, हे खरं आहे. पण विसरलं कोण? फ्रँकोला सत्तेवर आणणाऱ्या यादवीत गोळ्या घालून रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरलेल्यांच्या घरी कुणीच काही विसरलं नव्हतं, फक्त त्याबद्दल मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. 2000 साली लेऑन प्रांतातल्या प्रिआरान्सा गावाजवळ एका नातवानं आजोबांना पुरलेली जागा खणवून घेतली. 13 जणांचे सांगाडे निघाले. मग देशभरातून लोक पुढे यायला लागले की आमचंही माणूस असंच कुठेतरी पडलंय. 2007 आणि 2022 चे स्मृतीविषयीचे कायदे या रेट्यातून आले. जे टाळायचं होतं ते शेवटी नातवांना करावंच लागलं, आणि तोवर बहुतेक साक्षीदार वारले होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षा आज करायची की दहा वर्षांनी, यावर नवं सरकार तडजोड करू शकतं. कधीकधी करावीच लागते. पुराव्यावर मात्र तडजोड करू नये, कारण गेलेला पुरावा परत येत नाही.

अर्जेंटिनात हे स्वच्छ दिसतं. तिथलं लष्कर 1983 मध्ये सत्ता सोडताना कागदपत्रं नष्ट करण्याचा हुकूम काढूनच गेलं. नवे अध्यक्ष आल्फोन्सिन यांनी आल्याआल्या चौकशी आयोग नेमला. सुटून आलेल्यांच्या आणि नातेवाइकांच्या जबान्या घेऊन आयोगानं 1984 साली अहवाल दिला, त्यात बेपत्ता झालेल्या जवळपास 9,000 लोकांची नोंद आहे. (मानवाधिकार संघटना 30,000 चा आकडा धरतात.) 1985 मध्ये लष्करी राजवटीचे म्होरके विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. पुढे सैन्यात असंतोष वाढून बंडाळीही झाली, 1986-87 मध्ये खटले थांबवणारे दोन कायदे आले, त्यानंतरच्या अध्यक्षांनी सेनाधिकाऱ्यांना माफीही देऊन टाकली. तेव्हा सगळं संपलं असंच वाटलं असणार. पण जबान्या लिहून ठेवलेल्या होत्या. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले आणि खटले पुन्हा उभे राहिले. विदेला 2013 साली तुरुंगातच मेला.

तिथे चोरलेली नातवंडं शोधणाऱ्या आज्यांचं काम तर मला फार मोलाचं वाटतं. छळछावण्यांत बाळंत झालेल्या मुलींना मारून त्यांची बाळं लष्कराच्या मर्जीतल्या घरांत खोट्या नावांनी वाढवली गेली. अशी सुमारे 500 मुलं असावीत असा आज्यांचा अंदाज आहे. मुलाचे आईबाप दोघंही हयात नसताना आजीआजोबांच्या रक्तावरून नातू ओळखता येईल का, हे विचारत त्या परदेशी शास्त्रज्ञांकडे गेल्या. तशी पद्धत बसवली गेली आणि 1987 मध्ये कायद्यानं जनुकपेढी, म्हणजे नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने जपणारी संस्था, झाली. आपण फार दिवस पुरणार नाही हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी आपलं रक्त तिथे जपून ठेवलं, म्हणजे चाळिशीतल्या एखाद्या माणसाला स्वतःच्या जन्माबद्दल शंका आली तर आजी नसली तरी उत्तर मिळेल. आजवर 130 हून जास्त नातवंडं अशी सापडली आहेत. आता यांना ‘झालं गेलं विसरा’ म्हणून कसं सांगायचं? त्यांच्या बाबतीत ते झालेलं-गेलेलं नाहीच, न सापडलेली नातवंडं अजून खोट्या नावानं जगताहेत.

हीच गोष्ट चिलेच्या न्यायालयांनी कायद्याच्या भाषेत मांडली. हुकूमशहा पिनोचेच्या लष्करानं ऑक्टोबर 1973 मध्ये कालामा शहरात 26 जणांना ठार केलं आणि मृतदेह घरी दिले नाहीत. त्यांच्या बायका, बहिणी, आया फावडी घेऊन अटाकामाच्या वाळवंटात वर्षानुवर्षं खणत राहिल्या. 1990 मध्ये जागा सापडली, पण हाती आले ते हाडांचे तुकडे, कारण मधल्या काळात लष्करानं यंत्रं आणून मृतदेह उकरून दुसरीकडे नेले होते. खुन्यांना वाचवायला 1978 चा माफीचा हुकूम होता. त्यावर पुढे न्यायाधीशांनी असा युक्तिवाद केला: मृतदेह मिळालेला नाही, म्हणजे अपहरण अजून चालू आहे, आणि चालू असलेल्या गुन्ह्याला जुनी माफी लागू होत नाही. मृतदेह लपवणारे लपवण्यामुळेच अडकले.

वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेनं सत्याच्या बदल्यात माफी देऊ केली. तो मार्ग मला पटतो, पण जे सत्य सांगायला आलेच नाहीत त्यांच्यावर खटले भरायचे राहिले, तिथे तो लंगडा पडला. इंडोनेशियात 1965-66 मध्ये लाखो माणसं मारली गेली. 2023 साली राष्ट्राध्यक्षांनी खेद व्यक्त केला, पण त्या हत्यांच्या सूत्रधारांवर कधी खटलाच चालला नाही.

जुनं काढलं की शांतता बिघडेल ही तुमची भीती खोटी नाही, आल्फोन्सिन यांनी ती अनुभवली. पण त्यासाठी खटला थांबवता येतो, शोध थांबवायचं कारण नाही. चिलेत पिनोचेच्या लष्करी बंडाला 50 वर्षं होताना, 2023 मध्ये, सरकारनं बेपत्ता लोकांना शोधायची जबाबदारी अधिकृत योजना करून स्वतःकडे घेतली. हजाराहून जास्त माणसांचा पत्ता तेव्हाही लागलेला नव्हता. हे काम 1990 मध्येच, त्या बायकांच्या हातात फावडी असताना, सरकारनं करायला हवं होतं.