लातुरात राहून लाटांचा सराव: ४८ हजारांचा सर्फस्केट घ्यावा का?

प्रश्न: वय २८. लातूरला एका खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, हातात ४२,००० येतात. औशाजवळच्या गावी आई-वडिलांना १०,००० पाठवतो. भाडं ७,०००, गाडीचा हप्ता ३,४००, बाकी खर्च १२,०००, एसआयपी ३,०००. मागच्या हिवाळ्यात कर्नाटकातल्या मुल्कीला सर्फिंग शिकलो आणि वेडच लागलं. किनाऱ्याजवळच्या फेसाळ लाटेवर उभा राहतो, पण न फुटलेल्या लाटेवर उठतानाच पडतो. सरावासाठी परदेशी सर्फस्केट, म्हणजे जमिनीवर सर्फिंगसारखा चालणारा चाकांचा बोर्ड, घ्यायचा आहे. मुंबईचा विक्रेता ४८,००० सांगतो, कार्डावर १२ महिने नो-कॉस्ट ईएमआय. दुसरा एक ११,००० ला मिळतो. वर्षातून दोनदा मुल्कीला जायचं आहे, खेपेला १६,०००. बचत खात्यात ३५,००० आहेत आणि पतसंस्थेत १,२०,००० ची ठेव, मुदत जानेवारीत संपते. ती मोडून रोखीनं घेऊ का?

उत्तर: सरळ सांगतो, ४८ हजारांचा आत्ता घेऊ नका. ईएमआयवर नको आणि ठेव मोडून तर नकोच. सर्फस्केट घेऊच नका, असं मात्र मी म्हणणार नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तगलेलं आपलं शहर. तिथल्या मास्तरला समुद्राचं वेड लागावं, याचं मला तर कौतुकच वाटलं. त्यामुळे हौस सोडा, हा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. सर्फस्केटचा पुढचा ट्रक, म्हणजे बोर्डाखाली चाकं धरणारा सांधा, साध्या स्केटबोर्डपेक्षा खूप जास्त वळतो. त्यामुळे पाय जमिनीला न लावता, नुसतं गुडघ्यात वाकून-उठून आणि खांदे-कंबर फिरवून वेग घेता येतो. लाटेच्या तळाशी घ्यायचं वळण, तिथून वर चढणं, परत फिरणं, आणि नजर जिकडे तिकडे अंग, या सगळ्याची सवय त्यावर लागते. कॅलिफोर्नियातल्या सर्फर मंडळींनी १९९० च्या दशकात हा प्रकार आणला तोच मुळी लाटा नसलेल्या दिवसांसाठी.

पण तुमचं पत्र पुन्हा वाचा. तुम्ही वळताना पडत नाही, उठताना पडता. हातांनी पाणी मारत लाटेचा वेग गाठणं, नेमक्या क्षणी पालथ्याचं उभं राहणं, कुठली लाट घ्यायची ते ओळखणं, यातलं काहीही सर्फस्केट शिकवत नाही. त्यावर तुम्ही आधीच उभे असता. उठण्याचा सराव घरच्या फरशीवर सतरंजी टाकून होतो. पालथं पडायचं, छातीच्या बाजूला तळवे टेकायचे आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली आणायचे, गुडघा न टेकता. खर्च शून्य. हातांच्या ताकदीसाठी जलतरण तलावाचा पास काढा. ४८ हजारांचा बोर्ड ज्या दुखण्यावर औषध आहे, ते दुखणं तुम्हाला अजून व्हायचं आहे.

आता हिशेब. सगळे खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्या हातात ६,६०० उरतात. ४,००० चा हप्ता गेला की राहिले २,६००. दोन खेपांचे ३२,००० म्हणजे महिन्याला साधारण २,६७०. म्हणजे बोर्ड घेतला की एक तर मुल्की बंद, नाही तर वर्षभर बचत बंद. ज्या लाटांसाठी बोर्ड घ्यायचा, त्यांचेच पैसे तो खाणार! नो-कॉस्ट म्हणतात त्यातही व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेकदा प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. कार्डाचं बिल थकलं तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात जातं. आधी त्या विक्रेत्याला रोखीचा भाव विचारा; तो कमी निघाला तर ईएमआयची किंमत तिथंच कळेल.

११,००० चा घ्या, सोबत हेल्मेट, मनगट आणि गुडघ्याचे गार्ड धरून १४,००० समजा. दोन महिने थांबलात की जवळजवळ तेवढे जमतात. स्वस्तातला ट्रक थोडा कमी वळेल, वळू द्या. आपल्याकडच्या रस्त्यावर खडी आणि धूळ इतकी, की महागाचे बेअरिंगही लवकर कुरकुरायला लागतील. क्रीडा संकुलातलं गुळगुळीत काँक्रीट सकाळी लवकर मोकळं मिळतं का, ते मात्र बोर्ड घेण्याआधी विचारून या. जागाच नसेल तर ११,००० सुद्धा कशाला?

मला खरी काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. खासगी क्लासमध्ये मेडिक्लेम असेल असं वाटत नाही, तुम्ही लिहिलेलंही नाही. स्केटिंगमध्ये पडलं की माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. प्लेट बसवायची वेळ आली तर बचत खातं रिकामं. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जरूर घ्या, पण ती अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, दवाखान्याच्या बिलासाठी नाही. स्वतःचा मेडिक्लेम काढा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आजारपणाला सुरुवातीचे ३० दिवस थांबावं लागतं, अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. साहसी खेळांतल्या दुखापती वगळणारं जे ठरावीक कलम असतं, ते व्यावसायिक खेळाडूंसाठी असतं. हौशी माणसानं त्याला घाबरू नये. तरी पॉलिसीत ते शब्द स्वतः वाचा.

आणि ती पतसंस्था. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मराठवाड्यात ठेवीदारांचे मोर्चे आपण सगळ्यांनी पाहिलेत. तुमचा महिन्याचा बांधील खर्च ३२,४०० आहे, म्हणजे हे १,२०,००० चार महिनेही पुरणार नाहीत. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी अडीअडचणीचा पैसा तिथं ठेवू नका. जानेवारीत नूतनीकरणाच्या फॉर्मवर सही करू नका, रक्कम बँकेत एफडीला टाका.

खेपांचं वेळापत्रक तुमच्या धंद्याला जमण्यासारखं आहे. एक खेप दिवाळीच्या सुटीत, दुसरी मे महिन्यात नीटची परीक्षा झाल्या झाल्या. मे संपता संपता तो किनारा खवळायला लागतो, पुढचे पावसाळ्याचे महिने शिकाऊ माणसाचे नाहीत. बेंगळुरूजवळच्या यशवंतपूरच्या गाडीनं जाऊन पुढं बस धरली तर १६,००० मधले थोडे वाचतीलही, ते तिथल्या शिक्षकाच्या जादा तासाला द्या.

मेच्या खेपेत न फुटलेल्या लाटेवर सहज उभं राहता आलं आणि अडचण फक्त वळणाची उरली, तर मला परत लिहा. तेव्हा चांगल्या ट्रकचा विचार करू, तोही ११,००० चा विकून काय येतंय ते पाहून.